ट्रॅव्हल्स उसाच्या ट्रॉलीवर आदळली. भरपाईचा दावा नेमका कोणावर करायचा?

पुण्याहून परभणीला येताना तुमच्या वडिलांची ट्रॅव्हल्स पाथरीच्या अलीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. बसवाला म्हणतो ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, ट्रॅक्टरवाला म्हणतो ड्रायव्हरला डुलकी लागली. मग दावा कोणावर, असं तुम्ही विचारलंय.

दोघांवर करा. खरं कोण बोलतंय हे तुम्ही ठरवत बसू नका. वडील सीटवर झोपले होते, त्यांची चूक शून्य. दोन्ही वाहनांच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केलंय. टक्केवारीचं भांडण त्यांचं त्यांनी बघावं.

मी स्वतः यातून गेलोय. माजलगावच्या पुढे, जानेवारीतली पहाट. ट्रॉली पंक्चर झालेली, चालक मागे चार दगड मांडून गावात गेलेला. (आपल्याकडे कारखाने सुरू झाले की दगड हाच रिफ्लेक्टर.) माझा उजवा हात कोपरात मोडला. पंचनामा होईपर्यंत चांगलं उजाडलं होतं, आणि तोवर ट्रॉलीच्या मागे लाल रेडियमची पट्टी आली होती! सगळी ट्रॉली चिखलाने माखलेली, पट्टीवर मात्र धुळीचा कण नाही. नशीब की शेजारच्या सीटवरच्या पोराने धडक झाल्या झाल्या मोबाईलवर फोटो काढले होते. त्यात पट्टी नव्हती. पण बसचा वेगही कमी नव्हता, ब्रेकच्या खुणा पार ट्रॉलीजवळ सुरू झाल्या होत्या. शेवटी ट्रॅक्टरवर ६० टक्के, बसवर ४० टक्के ठरले. ट्रॅक्टरचा विमा तर कधीचाच संपलेला. एकट्या त्याच्यावर दावा लावला असता तर आज कागद घेऊन फिरत असतो. सगळी रक्कम बसच्या विमा कंपनीकडून आली.

म्हणून बसमालक, त्याची विमा कंपनी, ट्रॅक्टरमालक, त्याची विमा कंपनी, आणि ट्रॉली वेगळ्या माणसाच्या नावावर असेल तर तोही, सगळ्यांना सामनेवाले करा. ट्रॅक्टरची विमा कंपनी हमखास म्हणणार की विमा शेतीकामाचा होता, भाड्याने ऊस ओढण्याचा नव्हता. म्हणू द्या. बस एसटीची असती तर महामंडळालाच सामनेवाले केलं असतं. भाडेतत्त्वावरची असती तर मूळ मालक आणि त्याची विमा कंपनीसुद्धा.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या परभणीतच चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत अपघातापासून सहा महिने आहे, तेव्हा प्लास्टर निघायची वाट बघू नका. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा. तो त्यात सुटला तरी दावा बुडत नाही, कारण इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, काय जास्त संभवतं एवढंच बघतात.

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन कलम १६४ चे अडीच लाख घ्या म्हणेल. गंभीर दुखापतीला ती ठरलेली रक्कम कोणाची चूक सिद्ध न करता मिळते, हाड मोडणं गंभीरच धरतात. पण ती तडजोड म्हणून स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. ऑपरेशन, रॉड, पुढची फिजिओथेरपी यांचा हिशोब घालून मगच वकिलासमोर सही करा.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि आरटीओचा वाहन तपासणी अहवाल यांच्या नकला आत्ताच मागा. तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर वडिलांचा मोबाईल बदलण्याआधी त्याची प्रिंट काढून ठेवा. माझं तिकीट जुन्या फोनबरोबर गेलं, आणि मी त्या बसमध्ये होतो हे सांगायला त्या पोराला नांदेडहून साक्षीला यावं लागलं.