चार माणसं बसली की गाडीही बसते

प्रश्न: आमची सोसायटी भांडुप पश्चिमेला टेकडीच्या बाजूला, सात टॉवर, मेन गेटपासून शेवटच्या टॉवरपर्यंत चांगला चढ आहे. सीनियर सिटिझन्ससाठी कमिटीने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड गोल्फ कार्ट घेतली, बॅटरीवाली, मूळची दोन सीटची, नंतर मागे उलट्या तोंडाची सीट बसवून घेतली. आता चार जण बसले की मागचं टायर मडगार्डला घासतं, स्पीडब्रेकरवर खालून ठक्क आवाज येतो आणि मागे बसलेल्या आजी ड्रायव्हरचा उद्धार करतात. एक मेकॅनिक म्हणतो मागच्या कमानीत चार पोलादी पाट्यांचा हेवी ड्युटी सेट टाका, दुसरा म्हणतो नुसते शॉकअप बदला. कमिटीत दोन गट पडलेत. कोणाचं ऐकू? (सोसायटीचे खजिनदार)

उत्तर: खजिनदारसाहेब, दोघंही थोडेथोडे बरोबर असं म्हणून तुमची मीटिंग शांततेत पार पाडली असती, पण शॉकअपवाला सरळ चुकतोय. साधा शॉकअप वजन पेलतच नाही, स्प्रिंगचे झोके आवरायचे एवढंच त्याचं काम. म्हणजे स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी तीनचारदा हिंदकळत राहिली तर शॉकअप गेले समजायचं, आणि उभ्या गाडीत नुसती माणसं बसल्यावर बूड खाली जात असेल तर तो कमानीचा, म्हणजे वजन पेलणाऱ्या पाट्यांच्या स्प्रिंगचा मामला. नवे शॉकअप टाका, टायर घासायचं तेवढंच घासेल.

चार पाटेवाला बरोबर असू शकतो, पण त्याने मेजर टेप खिशातून काढली होती का? नसेल काढली, म्हणून आधी तुम्हीच मोजा, वॉचमनला घेऊन पंधरा मिनिटांचं काम आहे. पोडियमवर सपाट जागा बघा, टायरमध्ये हवा नीट भरा, ड्रायव्हरला सीटवर बसवा, गाडी मागून दोनतीनदा दाबून सोडा म्हणजे पाटे मोकळे होतील, मग मागच्या चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती भरतं ते दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. आता मागच्या सीटवर दोन जण बसवा, साधारण सत्तर-सत्तर किलोचे, परत मोजा. ड्रायव्हरच्या बाजूला थोडं कमी भरेल, घाबरू नका, तो माणूस दिवसभर एकाच बाजूला बसतो, त्या बाजूचा पाटा जास्त दमलेला असतो.

आता गंमत बघा. ती उलट्या तोंडाची सीट मागच्या चाकांच्याही मागे लटकलेली असते. पुढच्या आणि मागच्या चाकात साधारण १.६५ मीटर अंतर धरा आणि बसणाऱ्यांचं वजन मागच्या चाकाच्या ४० सेंटीमीटर मागे धरा, तर दोघांचे १४० किलो मागच्या कमानींवर १४० म्हणून येत नाहीत, १७४ च्या आसपास येतात, आणि वरचे ३४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, सीसॉसारखं. म्हणून त्या दोन माणसांनी गाडी इतकी बसते आणि म्हणूनच चढावर स्टेअरिंग हलकं हलकं वाटतं, ड्रायव्हरला विचारून बघा तो हो म्हणेल. हे दुसरं दुखणं कितीही जाड पाटा टाकला तरी जाणार नाही, त्याला उपाय एकच, जड माणूस पुढे बसवायचा, मग तो चेअरमन असला तरी.

तर एका बाजूच्या कमानीवर ८७ किलो वाढले. टेपवर ५ सेंटीमीटर फरक आला असेल तर तुमची कमान सेंटीमीटरला साधारण १७ किलोची आहे. तेवढ्याच माणसांत ती साडेतीन सेंटीमीटरच बसावी असं हवं असेल तर २५ किलोची लागेल, म्हणजे चाळीसेक टक्के जास्त कडक. हा आकडा घेऊन दुकानात जा. 'हेवी ड्युटी' हा शब्द घेऊन जाऊ नका, त्याला काही माप नाही.

आणि पाटे किती यावर तर अजिबात भाळू नका. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ६ मिलीमीटरचा पाटा ७ चा केला की तो जवळजवळ साठ टक्के जास्त कडक होतो, एका मिलीमीटरमध्ये! लांबी-रुंदी सारखी असेल तर ८ मिलीमीटरचा एकटा पाटा ५ मिलीमीटरच्या तीन पूर्ण लांबीच्या पाट्यांनाही भारी पडतो. मेकॅनिक पाटे मोजतो, तुम्ही जाडी मोजा. सोबत रुंदी, पाट्याच्या टोकांना वळवलेल्या दोन्ही डोळ्यांमधलं अंतर, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधोमध आहे की पुढे सरकलेला, आणि बुशचा (डोळ्यात बसणाऱ्या नळीसारख्या तुकड्याचा) आतला व्यास, एवढं लिहून न्या नाहीतर कुर्ला आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या चकरा मारत बसाल. क्लब कार आणि ई-झेड-गोच्या बऱ्याच कार्टना मागे पाटे असतात, यामाहाच्या बऱ्याच कार्टना कॉइल, म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, तेव्हा 'गोल्फ कार्टचा पाटा द्या' एवढ्यावर कोणी काही देणार नाही.

माझं मत विचाराल तर तुमची गाडी दिवसातला बराच वेळ ड्रायव्हर अधिक एक आजी अशीच फिरत असणार, चार जण म्हणजे सकाळची देवळाची आणि संध्याकाळची बागेची वेळ. अशा गाडीला जाड कमान टाकली तर रिकामी असताना ती पेव्हर ब्लॉकवरून उड्या मारत जाईल, टायर घासायचं थांबेल पण आजींची कंबर जाईल. मी हे करून बसलोय. आमच्या जुन्या व्हॅनला गावाहून तांदळाची पोती आणायची म्हणून जास्तीचा पाटा टाकला, पोती वर्षातून दोनदा आली आणि उरलेले दिवस सासरेबुवा प्रत्येक खड्ड्याला माझ्याकडे बघायचे. शेवटी काढून टाकला.

त्यापेक्षा हेल्पर पाट्याचं बघा. टेम्पोच्या मागे वाकून पाहिलंत तर मुख्य कमानीपासून थोडा सुटा असलेला एक पाटा दिसतो, गाडी रिकामी असताना तो काहीच करत नाही, माल भरून कमान बसली की मग टेकतो आणि भार घेतो. तसाच कार्टच्या मापाचा बनवून मिळतो, ट्रकच्या कमानीचं काम करणारे कारागीर कळंबोलीला आणि वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला आहेत. शॉकअपलाच स्प्रिंग गुंडाळलेली असते ते पण विकायला येतील, पण मग वजन शॉकअपच्या ब्रॅकेटवर येतं आणि ते ब्रॅकेट त्यासाठी बनवलेलं नसतं, वेल्डिंग सुटतं.

एक गोष्ट मात्र कमिटीने खरेदीच्या आधी ठरवायला हवी, बॅटऱ्या कधी बदलणार. ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन, तेही सीटखाली, त्यातलं बरंचसं मागच्याच चाकांवर. तेवढ्याच कामाचा लिथियम पॅक पन्नासेक किलोत येतो. पुढच्या वर्षी लिथियम घ्यायचा विचार असेल तर सव्वाशे किलो आपोआप उतरणार, मग आज टाकलेली कडक कमान उद्या दगड वाटेल.

हे सगळं करायच्या आधी गाडीखाली टॉर्च मारा. बॅटरी ट्रेच्या खाली कमानीवर पांढरट हिरवट पावडर दिसली तर ते ॲसिडचं काम, पाटा आतून खाल्लेला असतो, नखाने खरवडलं तरी पापुद्रे निघतात, त्यात आपला पावसाळा आणि खारी हवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुऊन घ्या, मग बघा पाटा किती उरलाय. शॅकलचे (कमानीचं एक टोक चासीला टांगणाऱ्या कडीचे) बुश लंबुळके झाले असतील तर तो ठक्क आवाज तिथूनही येतो आणि ते काम पाट्याच्या मानाने किरकोळ आहे. आणि रिकाम्या गाडीतच पाटा जवळजवळ सपाट दिसत असेल तर बाकी हिशेब सोडा, कमान दमलीय, आधी मूळ मापाची नवी टाका आणि मग परत मोजा.

बदलताना दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. कमान ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे घ्या, जुने एकदा ताणलेले असतात. कार्टचा रन-टो स्विच 'टो' वर (म्हणजे गाडी ओढायच्या जागी), बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा), आणि जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरायचं नाही, चासीखाली स्टँड लावूनच. रबरी बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवून चाकांवर वजन आल्यावर शेवटचे आवळायचे, हवेत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं, हे बहुतेक मेकॅनिक घाईत विसरतात तेव्हा बाजूला उभे राहा. कमान बदलली म्हणून ब्रेक बदलत नाहीत हेही लक्षात असू द्या, बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्याच चाकांना असतात, भांडुपच्या उतारावर पाचवा माणूस नको.

प्रश्न: कारागीर म्हणतो जुनाच पाटा गॅसने तापवून परत कमान काढून देतो, नव्याच्या चौथाई पैशात. करू का? (मुलुंडचे एक वाचक)

उत्तर: नको. स्प्रिंगच्या पोलादाला जो ताव, म्हणजे टेम्पर, दिलेला असतो तो गॅसच्या फ्लेमने जातो, दिसायला कमान झकास येते आणि महिन्याभरात परत सपाट होते नाहीतर तापवलेल्या जागी तुटते. भट्टीत पूर्ण तापवून तेलात विझवून परत ताव देणारा असेल तर गोष्ट वेगळी, पण तो चौथाई पैशात करणार नाही. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंगचंही हेच.

प्रश्न: नवे पॉलीयुरेथेन बुश टाकल्यापासून गाडी चुईं चुईं करते. ग्रीस मारलं, दोन दिवसांत परत सुरू. (ठाणे)

उत्तर: बाहेरून मारलेलं ग्रीस आत पोचतच नाही. बोल्ट काढून, स्लीव्ह (बुशच्या आतली धातूची नळी) बाहेर घेऊन, सिलिकॉन ग्रीस आतून लावायचं. साधं काळं ग्रीस रबरी बुशला मात्र लावू नका, रबर फुगतं.