घरची गर्भचाचणी : घाई कोणत्या दिवशी ठरते?

प्रश्न : माझे वय ३१ आहे. पाळी कधी २८ दिवसांनी येते, तर कधी ३६ दिवसांनी. मूल व्हावे म्हणून आमचे काही महिन्यांपासून प्रयत्न सुरू आहेत. या वेळी २८व्या दिवशी सकाळी घरीच चाचणी केली, तेव्हा एकच रेघ आली. कचऱ्यात टाकलेली पट्टी संध्याकाळी पुन्हा काढून पाहिली, तर दुसरी पुसट रेघ दिसली. यातले खरे काय मानावे आणि चाचणी नेमकी कधी करावी? – एक वाचक

उत्तर : आधी संध्याकाळच्या रेघेचा प्रश्न मिटवू. निकाल किती मिनिटांनी पाहायचा हे किटच्या वेष्टनावर छापलेले असते. बहुतेक पट्ट्यांसाठी ती वेळ पाच मिनिटांच्या आसपास असते आणि दहा मिनिटे उलटून गेल्यावर जे काही दिसेल ते ग्राह्य धरायचे नसते. लघवी वाळली की पट्टीवर राखाडी, जवळजवळ रंगहीन अशी खूण उठू शकते, आणि टाकून दिलेली पट्टी पुन्हा न्याहाळणाऱ्या पुष्कळ जणींची तिनेच फसगत होते. याउलट दिलेल्या वेळेत, पहिल्या रेघेच्याच रंगाची दुसरी रेघ आली, तर ती कितीही फिकट असली तरी दिवस गेले आहेत असेच समजावे. तुमची संध्याकाळची रेघ यात बसत नाही, म्हणून ती सोडून द्या.

पण म्हणून सकाळचा नकार खरा ठरतो, असेही नाही. ही पट्टी लघवीतील एचसीजी हे संप्रेरक शोधते, आणि गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागल्याखेरीज ते रक्तात किंवा लघवीत सापडण्याइतके येतच नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून गर्भ रुजेपर्यंत साधारणपणे ६ ते १२ दिवस जातात. बहुतेकींच्या बाबतीत ८ ते १०. त्यानंतर सुरुवातीच्या काळात एचसीजीचे प्रमाण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते, त्यामुळे आज कोरी राहिलेली पट्टी तीन-चार दिवसांनी स्पष्ट रेघ दाखवू शकते.

आता हा हिशेब तुमच्या पाळीला लावून पाहू. पाळी लांबते तेव्हा बहुधा लांबतो तो स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वीचा काळ. त्यानंतर पाळी येईपर्यंतचे सुमारे दोन आठवडे फारसे बदलत नाहीत. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारण १४व्या दिवशी बाहेर पडते, पण ३६ दिवसांच्या चक्रात ते २२व्या दिवसाच्या सुमारास पडते. या महिन्याचे चक्र लांबलेले असेल, तर तुम्ही चाचणी केली त्या सकाळी जेमतेम सहा दिवस झाले होते आणि गर्भ असलाच तरी तो कदाचित रुजलाही नव्हता. म्हणून पाळी अनियमित असणाऱ्यांनी अलीकडच्या काही महिन्यांतील सर्वांत लांब चक्र धरावे आणि ते उलटल्यावर चाचणी करावी; तुमच्यासाठी तो ३७वा दिवस. पाळीचा काहीच अंदाज बांधता येत नसेल, तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस मोजणे अधिक भरवशाचे. तेव्हाही नकार आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी आणि त्यानंतरही तेच घडले तर डॉक्टरांना भेटावे.

चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीची करावी, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. पुढे पाळी बरीच लांबली की ही अट तितकी महत्त्वाची राहत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर औषधाचाच अंश पट्टीवर रेघ उमटवू शकतो, म्हणून दिवस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

पाळी चुकण्याआधीच निकाल मिळेल, असे काही किटवर ठळक अक्षरांत छापलेले असते. काही जणींना तो मिळतोही. तरीही मी तो मोह टाळायला सांगते, कारण रुजू लागलेले कित्येक गर्भ पाळीच्या सुमारासच आपोआप गळून जातात. एरवी ज्याला पाळी दोन दिवस लांबली इतकेच म्हटले गेले असते, ते लवकर केलेल्या चाचणीमुळे गर्भपात म्हणून मनाला लागते. फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र निकालासाठी थांबवू नका. ती दिवस राहण्यापूर्वीपासूनच घ्यायची असते.

प्रश्न : संबंधानंतर दुसऱ्या दिवशी मी आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेतली. आता पाळी चार दिवस लांबली आहे. गोळीमुळे चाचणी चुकू शकते का? – एक वाचक

उत्तर : नाही. त्या गोळीत एचसीजी नसते, त्यामुळे निकालावर तिचा परिणाम होत नाही. पाळी मात्र ती काही दिवस मागेपुढे करू शकते. संबंधाला २१ दिवस झाले असतील तर आजच चाचणी करा, नसतील तर तेवढे पूर्ण होऊ द्या. चाचणी होकारार्थी आली आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, खांद्याच्या टोकाशी कळ आली, रक्त जाऊ लागले किंवा चक्कर आली, तर गर्भ नलिकेत रुजल्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरी पट्टी आणत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.