मुंगळा म्हणजे मुंगीचा नर?

सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका वाचकांनी विचारलंय: रात्री गॅलरीतल्या दिव्यावर बोटाच्या पेराएवढा तपकिरी किडा येऊन आपटतो. दिसतो गांधीलमाशीसारखा, पण नांगी नाही. मुलगी म्हणते, हा लष्करी मुंग्यांचा नर. मग याला 'मुंगळा' म्हणायचं का?

मुलगी बरोबर सांगतेय. 'मुंगळा' मात्र नको.

मराठीत हंडा-हंडी, गाडा-गाडी, सुरा-सुरी या जोड्यांत 'आ' आला की वस्तू मोठी होते, नर होत नाही. (दोरा-दोरीत नेमकं उलटं. मराठीला नियम करून दिला की ती लगेच खोडी काढते.) मुंगी-मुंगळा ही जोडीही आकाराचीच. गुळाच्या ढेपेला चिकटणारे काळे मुंगळे सगळे कामकरी, म्हणजे माद्याच. 'मुंगळा चावला' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर चावलेली असते. हिंदीतल्या चींटा-चींटीचंही तेच.

आता 'लष्करी'. काही जण 'सैनिक मुंग्या' लिहितात, त्यात घोळ होतो. सैनिक किंवा शिपाई हा एकाच वारुळातला मोठ्या डोक्याचा गट असतो, तर इथे अख्खी जातच फौजेसारखी चाल करून जाते. शिवाय 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आल्यापासून मका लावणाऱ्याला 'लष्करी'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या जूनमध्ये असाच एक किडा मी काचेच्या पेल्याखाली धरला. लांबट, गोल पोट, शेवटाला आत वळलेलं. आफ्रिकेत याला इंग्रजीत 'सॉसेज फ्लाय' का म्हणतात ते बघताक्षणी कळतं. अंगावर मखमली लव, टपोरे डोळे, कोयत्यासारखे वाकडे जबडे. चालणं अगदीच बेताचं. फरशीवर गरगरत राहिला. त्याच्या कामकरी बहिणींना डोळेच नसतात. त्या बहुतेक काळ जमिनीखाली असतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. आपल्याकडच्या एका जातीच्या कामकरी मुंग्या बटाटे आणि भुईमुगाच्या शेंगा पोखरतात, म्हणजे शेंगाचटणीत त्यांचाही वाटा.

भाऊ-बहिणींत इतका फरक की शास्त्रज्ञही फसले. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनीअसने 1764 मध्ये अशा नराची नोंद चक्क गांधीलमाशी म्हणून केली. पुढे 1793 मध्ये कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने या नरांसाठी 'डोरायलस' ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत 'जीनस') मांडली. 1839 मध्ये कामकरी मुंग्यांना 'टायफ्लोपोन' हे वेगळंच नाव मिळालं, आणि 1863 मध्ये राणीला 'डिक्थाडिया'. एका घरातल्या माणसांची तीन आडनावं! कामकरी मुंग्यांच्या रांगेत हे नर सापडले तेव्हा नातं जुळू लागलं.

ते रांगेत असतात, कारण या मुंग्यांच्या राणीला पंखच नसतात. स्थळ शोधत नरानेच उडायचं. परक्या वसाहतीच्या रांगेपाशी तो उतरला की कामकरी मुंग्या त्याला घेरतात, पंख कुरतडून टाकतात आणि ओढत राणीकडे नेतात. मीलनानंतर तो फार जगत नाही. मरणाच्या वेळी मुंगीला पंख फुटतात असं आपण म्हणतो. याचे तर त्याआधीच जातात. नातंही पाहा: नर निघतो तो फलन न झालेल्या अंड्यातून, त्यामुळे त्याला बाप नाही, पण आईचा बाप आहे. नुसतं आजोळ असलेला प्राणी.

मग शब्द काय वापरावा? 'नर मधमाशी'च्या चालीवर 'नर मुंगी' चालतं, पण 'नर मुंगी मेली' म्हणताना जीभ अडखळते. मी 'लष्करी मुंगीचा नर' म्हणेन. क्रियापद आपोआप जागेवर बसतं: नर आला, दिव्यावर आपटला, पडला.

पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू शेजारीणबाईंना ही अडचण सांगितली तर त्या हसायला लागल्या. त्यांच्याकडे 'चीम वच्चिंदि', म्हणजे मुंगी आली. बाई आली तरी 'वच्चिंदि'च, आणि हा पंखवाला आला तरी 'वच्चिंदि'च.