शेजाऱ्यांच्या भांडणावरची थरारकथा वाचनालयाच्या गटात कशी वाचावी?

तुमचा प्रश्न असा: गटात बाराजण, वाचनालयाकडे सहा प्रती, कादंबरी सव्वातीनशे पानांची आणि विषय शेजाऱ्यांचं वैर. शेवट फुटू नये आणि चर्चा भरकटू नये, यासाठी काय करायचं?

आधी मुद्द्याचं सांगतो. ‘कोणी केलं’ हे शोधत बसण्यापेक्षा ‘कोणाला कुठून काय दिसलं’ हे धरून ही कादंबरी वाचा. शेजाऱ्यांच्या कथेत प्रत्येकजण साक्षीदार असतो आणि प्रत्येकाच्या मध्ये एक भिंत असते. लेखकाचा सगळा खेळ त्या भिंतीवर चालतो.

प्रती वाटण्याआधी तपासून घ्या, आणि हे काम ज्यानं पुस्तक आधी वाचलंय त्याच्याकडेच द्या. वाचनालयाच्या रहस्यकथांना दोन दुखणी हमखास असतात. पहिलं म्हणजे सुटलेली पानं. पुस्तक फर्म्याफर्म्यानं, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेलं असतं आणि फार फिरलेल्या प्रतीत पहिला आणि शेवटचा फर्मा आधी निखळतो. म्हणून शेवटची सोळा-वीस पानं क्रमांक बघत उलटा. दुसरं दुखणं समासातल्या पेन्सिलीचं. चाळिसाव्या पानावरच एखाद्या नावाखाली दोन रेघा मारून ‘हाच!’ असं लिहिणारे वाचक सगळ्या गावांत आहेत. पेन्सिल असेल तर खोडरबर, शाई असेल तर त्या जागी चिकटचिठ्ठी. मलपृष्ठावरचा मजकूरही निम्मी गोष्ट सांगून टाकतो, त्यामुळे सहाही प्रतींना ब्राउन पेपरचं कव्हर घाला.

सहा प्रती म्हणजे सहा जोड्या. पुस्तकाचे साधारण शंभर-एकशेदहा पानांचे तीन टप्पे करा. पहिला आठवडा जोडीतल्या एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, मग बैठक. दीड महिन्यात तीन बैठका होतात. देवघेवीच्या खिडकीवर सगळ्या प्रतींची मुदत सुरुवातीलाच दीड महिन्याची करून घ्या, नाहीतर मधेच एखादी प्रत परत मागितली जाते आणि एक जोडी मागे पडते. प्रती चारच मिळाल्या तर टप्प्यांचा नाद सोडा. तिघांत एक प्रत गेली की पहिल्याचं वाचून दोन आठवडे उलटतात आणि त्याला तपशील आठवत नाहीत. तेव्हा पूर्ण पुस्तक वाचून एकच बैठक घ्या.

टप्पा कुठे तोडायचा, यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक गट प्रकरणाच्या शेवटी थांबतात आणि तिथेच चुकतात. थरारकथेचं प्रकरण संपतं तेच दाराची कडी वाजल्यावर, किंवा जिन्यात कोणीतरी उभं दिसल्यावर. तिथे थांबा म्हटलं तर बारापैकी सातजण रात्रीतच पुढचं वाचून येतील. थांबा पुढच्या प्रकरणाच्या मध्यावर ठेवा, दार उघडून कोण आलं ते कळल्यानंतर. खूण पानाच्या क्रमांकानं सांगू नका. कोणाकडे दुसरी आवृत्ती असते, कोणी मोबाइलवर वाचतं. प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द सांगा.

थांब्यावर पोचल्यावर प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: संशय कोणावर, कशावरून, आणि खोटं कोण बोलतंय. नाव-तारीख घालून पाकीट बंद. ते गट चालवणाऱ्याकडे राहील. लेखी हवंच, कारण शेवट कळल्यावर प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं की आपण हे आधीच ओळखलं होतं.

आता नकाशा. एक मोठा कार्डशीट भिंतीवर लावा आणि पहिल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून इमारत काढा: जिना, दारं, खिडक्या, गच्ची, पार्किंग, कुठलं न्हाणीघर कोणाच्या छतावर येतं. मग प्रत्येक पात्राचं विधान तीन रकान्यांत टाका: स्वतः पाहिलं, फक्त ऐकलं, दुसऱ्यानं सांगितलं. समजा, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, ‘रात्री वरच्यांनी खुर्ची ओढली.’ हे ‘ऐकलं’मध्ये जातं, आणि ‘वरच्यांनी’ हा शब्द तर त्यांचा निव्वळ अंदाज. खुर्ची ओढल्याचा किंवा काही आपटल्याचा आवाज स्लॅब आणि खांबांतून पसरतो. तो शेजारच्या किंवा तिरक्या फ्लॅटमधून आला तरी डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. ओलीचंही तसंच. पाणी स्लॅबमधून वाट काढत भलतीकडे बाहेर पडतं, त्यामुळे छतावरच्या डागाच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. भांडणाची सुरुवात जर ओलीवरून किंवा आवाजावरून दाखवली असेल, तर मूळ आरोपच चुकीच्या दारावर गेला असण्याची शक्यता लेखकानं ठेवली आहे का, ते बघा. ‘ऐकलं’चा रकाना भरत जातो आणि ‘पाहिलं’चा जवळपास रिकामा राहतो, ते बघताना बैठकीत जी शांतता पसरते, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

कथानकात चूक आहे असं म्हणण्याआधी तिथला कायदा माहीत हवा. आपल्याकडच्या कथेत ‘पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली’ असं आलं की सगळे लेखकावर तुटून पडतात. पण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. कथा इंग्लंडमधली असेल तर वेगळंच. तिथे घर विकताना टीए६ नावाच्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांशी झालेल्या वादांबद्दल आणि तक्रारींबद्दल विकणाऱ्याला विचारलं जातं. त्यामुळे लेखी तक्रार केली तर उद्या घर विकताना ती आड येईल, ही भीती खरी असते. पात्रं वर्षभर गप्प का बसली, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. शिवाय तिथली जोडघरं एका बाजूची भिंत वाटून घेतात, म्हणजे एकाच शेजाऱ्याला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. नकाशात ती भिंत जाड रेघेनं काढा.

सगळ्यात जास्त बैठका बिघडतात त्या स्वतःच्या सोसायटीमुळे. वाचनालय वस्तीतलं, सभासद वस्तीतले; समोरासमोर बसलेले दोघे पार्किंगवरून भांडत असतील आणि तुम्हाला पत्ताही नसेल. नियम पहिल्याच दिवशी सांगा: आपल्या सोसायटीचं, विंगचं, कोणाच्या आडनावाचं नाव निघणार नाही. ‘तुमच्याकडे असं कधी झालंय का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी ‘या बाईंनी तक्रार सेक्रेटरीकडे न देता जिन्यात ओरडून का सांगितली?’ असं विचारा. ज्याला बोलायचंय तो पात्राच्या आडून स्वतःचंच बोलतो आणि कोणी दुखावत नाही. प्रतींच्या जोड्या लावतानाही ग्रंथपालांना हळूच विचारून घ्या, अबोला असलेली माणसं एका जोडीत नकोत.

शेवटच्या बैठकीत चर्चेआधी पाकिटं फोडून पहिल्या दोन टप्प्यांचे कागद क्रमानं वाचा. कोण बरोबर निघालं यावर वेळ घालवू नका, संशय कुठल्या प्रकरणात एका दारावरून दुसऱ्या दारावर गेला ते नकाशावर दाखवा. त्यानंतर कादंबरीचं पहिलं प्रकरण कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, दहा-बारा मिनिटं पुरतात. आता सगळ्यांना शेवट माहीत असतो, त्यामुळे कुठल्या वाक्याला खोलीतल्या माना एकदम वर होतात ते बघा आणि चर्चा त्या वाक्यापासून सुरू करा.