आरशात न दिसणारी जागा

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा बाबा पेढे घेऊन आला. एक पेढा तुला पणजीला पाटोवर नोकरी लागली म्हणून, दुसरा तू नवी स्कूटर घेतलीस म्हणून. पहिला मी लगेच तोंडात टाकला. दुसरा हातातच राहिला. बाबाच्या ते लक्षात आले असावे. म्हणाला, "तूच तिला चार शब्द सांग, माझे ती ऐकत नाही." माझे तरी कशाला ऐकशील? म्हणून लिहितोय. कंटाळा आला तर कागद बाजूला ठेवायचा, मग कधीतरी परत घ्यायचा.

फोंडा-पणजी मार्गावर मी २६ वर्षे खासगी बस चालवली, हे तुला ठाऊक आहे. कशी चालवली, ते मात्र ठाऊक नाही. पगार बेताचा, वर कलेक्शनवर कमिशन. आमच्या मागे चार-पाच मिनिटांनी दुसरी बस सुटायची. पुढच्या स्टॉपवर जो आधी पोचेल त्याची माणसे. त्यामुळे फोंडा सोडल्यापासून माझा अर्धा जीव मागच्या बसकडे आणि उरलेला रस्त्याच्या कडेला हात कोण दाखवतो तिकडे. आज बसवाल्यांच्या नावाने लोक बोटे मोडतात. मोडू देत, त्यात माझ्याही वाटणीचे एक बोट आहे.

जुलैचा महिना होता, शनिवार, पावसाची झड लागलेली. म्हार्दोळच्या अलीकडे छत्री घेतलेल्या एका बाईने हात केला. मी इंडिकेटर न देताच डावीकडे घेतली. पाठीमागून कंडक्टर ओरडला, तोवर बसच्या कुशीत काहीतरी घासल्याचा आवाज आला होता. रस्त्याची कड आणि माझी बस यांच्या मधल्या फटीतून एक पोरगा मोटारसायकल काढत होता. तुझ्याच वयाचा. वाचला तो, पण पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांना, मालकाला, घरी तुझ्या काकीला, सगळ्यांना मी एकच सांगितले, तो मला दिसलाच नाही. त्यात खोटे काही नव्हते. मी छत्री पाहत होतो. आणि एवढी मोठी बस आपल्याला दिसते म्हणजे बसलाही आपण दिसत असणार, असे त्याने धरले होते.

तू आता रोज हेच धरून चालशील, म्हणून हा सगळा खटाटोप.

बसच्या सीटवर बसले की माणसाला वाटते आपण डोंगरावर बसलोय, सगळे दिसते. लांबचे दिसते. अंगाजवळचे नाही. पुढच्या काचेखाली अगदी बंपरला लागून उभी असलेली स्कूटर दिसत नाही. डाव्या दाराला लागून चाललेली दिसत नाही. दारात दोन कॉलेजची पोरे लटकलेली असली की डावा आरसा असून नसल्यासारखा. मागच्या काचेतून दिसतात ते फक्त उभे प्रवासी. टिपरची तीच गत, उलट जास्तच. तेव्हा बसच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या लेखी तू त्या रस्त्यावर नाहीस. एकतर मागे राहा, नाहीतर उजवीकडून हॉर्न देऊन झटकन पुढे जा. रेंगाळायचे नाही. आणि डाव्या फटीतून कधीच नाही, ती फट कितीही रुंद दिसली तरी.

दुसरी गोष्ट लोकांना लवकर पटत नाही. मोठी गाडी वळते तेव्हा तिचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापत जाते. पुढचा भाग तुझ्यापासून लांब गेला म्हणून तू निर्धास्त होतेस आणि तेवढ्यात मागचे चाक तुझ्याकडे येते. जंक्शनवर, सर्कलवर, वळणावर वळत्या बसच्या किंवा ट्रकच्या आतल्या बाजूला थांबू नकोस. मागचे लोक हॉर्न मारतील. मारू देत.

आता वेळेचा हिशेब, कारण तुझ्या बाबाला तू तोच दिलास म्हणे. बस पावणेदोन तास घेते, स्कूटरने पन्नास मिनिटांत पोचेन. बसबद्दल तुझे खरे आहे, मी भांडणार नाही. पण फोंडा ते पणजी अंतर साधारण ३० किलोमीटर. सरासरी ४५ ने गेलीस तर चाळीस मिनिटे, ६० ने गेलीस तर तीस. कागदावर दहा मिनिटे वाचली. प्रत्यक्षात तीही वाचत नाहीत. फर्मागुडीच्या उतारावर ज्याने मला कट मारून ओव्हरटेक केले, तो भोमला माझ्याच बंपरपुढे गर्दीत उभा सापडायचा. वर्षानुवर्षे हे पाहिले. आणि ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोक्याला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे माझ्या बसच्या दीडपट लांबी तू ब्रेक न लावताच संपवलेली असतेस.

तुझ्या रस्त्यावर दोन जागा मला खास सांगायच्या आहेत. भोमला रस्ता घरांना आणि देवळांना खेटून जातो. रुंदीकरणाचा वाद तू पेपरात वाचतेसच. तिथे माणूस उंबरा ओलांडला की रस्त्यावर येतो, म्हणून तिथे तू शेजारच्या घरासमोरून जातेय अशी जा. आणि कदंब पठार. जुने गोवे सोडले, रस्ता रुंद झाला, वारा लागला की गर्दीत तासभर कोंडलेला प्रत्येक जण तिथे उट्टे काढतो. माझ्या मते भोमपेक्षा तो पट्टा वाईट. अरुंद रस्त्यावर माणूस घाबरलेला असतो, तिथे नसतो.

पावसाबद्दल गोव्याच्या पोरीला काय सांगायचे! तरी थोडे. मृगाचा पहिला पाऊस सगळ्यात दगाबाज. वर्षभर सांडलेले ऑईल आणि धूळ एकत्र होऊन डांबरावर साबण तयार होतो. नंतर धो-धो पडला की धुऊन जातो. पांढरे पट्टे, पुलावरच्या लोखंडी जोडपट्ट्या, टिपरमधून सांडलेली तांबडी माती, यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही आणि वळायचेही नाही. त्यांच्या आधीच वेग कमी कर. रेनकोटची टोपी हेल्मेटवरून ओढलीस तर बाजूचे दिसत नाही, आणि आधीच तू इतरांना दिसत नाहीस. रेनकोट पिवळा किंवा भगवा घे. काळा तुला शोभतो, मान्य. पण पावसात संध्याकाळी सातला काळा रेनकोट आणि रस्त्यात बसलेली म्हैस मला सारखीच दिसायची. त्या म्हशी आणि गाई रात्री कोरड्या डांबरावरच बसतात, हेही ध्यानात ठेव. पहाटे पोदेर सायकलवर पाव घेऊन निघतो, त्याला तर दिवाही नसतो.

हेल्मेट घालतेस हे पाहिले. पट्टा लोंबतो, तेही पाहिले. पट्टा न लावलेले हेल्मेट तुझ्याआधी रस्त्यावर पोचते. मागे मैत्रीण बसली तर तिलाही हवे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानेच ते सक्तीचे आहे, आणि फक्त पुढे बसणाऱ्याचेच डोके फुटते असे थोडेच आहे?

लग्नाहून, जत्रेहून परतताना "एवढीशीच घेतलीय" म्हणणाऱ्या भावाच्या मागे बसायचे नाही. तो रागावला तर माझे नाव सांग.

एवढे सगळे करूनही काही गोष्टी आपल्या हातात नसतात, ते तुझ्यापासून लपवत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका मोटारीने अनेक वाहनांना धडक दिली, तीन माणसे गेली. रविवारची संध्याकाळ. त्या पुलावरून मी हजारो वेळा गेलोय, त्या रात्री मला झोप लागली नाही. समोरून येणारा कसा येतोय हे तू ठरवू शकत नाहीस. पण तुझ्या बाजूला थोडी जागा मोकळी ठेवलेली असेल, तर निदान कुठेतरी सरकता येते.

आणि कुणी पडलेले दिसले तर थांब. आधी तुझी गाडी कडेला लाव, नाहीतर दुसरा तुझ्यावर येईल. मग १०८ लाव. हेल्मेट ओढून काढू नकोस, मान हलवू नकोस, पाणी पाजू नकोस. मदत करणाऱ्याला पोलीस गोवतात ही भीती जुनी झाली, २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच अशा माणसाला संरक्षण आहे. आपले नाव सांगायचीही सक्ती नाही. त्या शनिवारी म्हार्दोळला त्या पोराला उचलून गाडीत घालणारे दोघे जण कोण होते, मला आजवर कळलेले नाही.

आता एक काम. येत्या रविवारी सकाळी आठला घरी ये, भावालाही आण. आमच्या भाच्याची बस सुट्टीच्या दिवशी अंगणापुढेच उभी असते. तुला ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो. भाऊ तुझी स्कूटर घेऊन बसच्या भोवती हळूहळू एक फेरी मारेल, आणि तो कुठे कुठे नाहीसा होतो ते तू आरशात बघून मला सांगायचे. मी खाली खडूने खुणा करीन.

काकी म्हणते, नाश्त्याला पातळभाजी आणि पाव आहे. हेल्मेट आण, पट्टा मी नीट करून देतो.

तुझा काका