'असिस्टंट' या एका शब्दापायी

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दहावीत आहे, सहावीपासून स्काउटमध्ये जातो. ऑगस्टमध्ये तो लाइफ स्काउट झाला, म्हणजे ईगल या सर्वोच्च श्रेणीच्या एक पायरी खाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत सीनियर पेट्रोल लीडरसाठी, म्हणजे ट्रूपच्या (स्काउट पथकाच्या) मुलांमधल्या प्रमुखपदासाठी, उभा राहिला आणि दोन मतांनी हरला. जिंकलेल्या मुलाने त्यालाच आपला असिस्टंट नेमलं. गेले दोन महिने तो फुगून बसलाय, म्हणतो पद सोडतो. आई लिहितात, "ओळखीतल्या एकांनी सांगितलं की असिस्टंटचं पद ईगलसाठी धरतच नाहीत. खरं का? आणि कॉलेजच्या अर्जात ते दुय्यम नाही का दिसणार? त्यापेक्षा तो वेळ रोबोटिक्सला दिला तर?"

ताई, त्या ओळखीतल्या गृहस्थांची गल्लत झालीय. पदं दोन आहेत. असिस्टंट पेट्रोल लीडर हा सात-आठ मुलांच्या एका पेट्रोलमधला, म्हणजे तुकडीतला. ते पद ईगलसाठी खरंच धरत नाहीत. तुमचा मुलगा असिस्टंट सीनियर पेट्रोल लीडर आहे, म्हणजे अख्ख्या ट्रूपचा. हे पद धरतात. फक्त तारखा नीट बघा. ईगलसाठी लागतात ते जबाबदारीच्या पदावरचे सहा महिने लाइफ झाल्यानंतरचे. त्याआधी तो पेट्रोल लीडर होता, ते महिने आता उपयोगाचे नाहीत. सप्टेंबरपासून धरलं तर मार्चमध्ये सहा भरतात. आज सोडलं तर झालेले दोन वाया जात नाहीत, पण उरलेल्या चारांसाठी दुसरं पद शोधावं लागेल.

आता मुलाच्या रुसव्याकडे येऊ. आपल्या मंडळाच्या गणपतीत उपाध्यक्ष काय करतो, आठवा. आरतीच्या तबकाशी फोटोत अध्यक्ष असतात, आणि रात्री अकराला खुर्च्या मोजून हॉलची किल्ली परत देणारा उपाध्यक्ष असतो. स्काउटमध्येही साधारण तेच. सीनियर पेट्रोल लीडर मुलांच्या मतांनी निवडून येतो, असिस्टंटला तो स्काउटमास्तरांच्या सल्ल्याने नेमतो. तो नसेल तेव्हा ट्रूप असिस्टंटच्या हाती. एरवी क्वार्टरमास्टर (सामान सांभाळणारा), स्क्राइब (नोंदी ठेवणारा), हिस्टोरियन (ट्रूपच्या आठवणी जपणारा), इन्स्ट्रक्टर (कौशल्यं शिकवणारा) अशा मुलांकडून कामं करून घेणं त्याच्याकडे. मला विचाराल तर ट्रूपमधलं सगळ्यात कटकटीचं आणि म्हणूनच सगळ्यात शिकवणारं काम हेच.

माझा मुलगा या पदावर होता तेव्हाची एक रविवार संध्याकाळ सांगते. पावसात भिजलेला कॅम्प करून ट्रूप परतला. सगळे आपापल्या गाड्यांतून घरी, आणि आमच्या गराजमध्ये ओल्या तंबूंचा ढीग. तंबू वाळवायचं काम होतं बारा वर्षांच्या क्वार्टरमास्टरचं, तो मात्र घरी जाऊन झोपलेला. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की थोड्याच दिवसांत कुबट वास आणि काळे डाग. माझ्या मुलाने त्या रात्री एकट्याने दोऱ्या बांधून सगळे तंबू वाळत घातले आणि माझ्यापाशी भरपूर कुरकुर केली. पुढच्या कॅम्पनंतर मात्र त्याने क्वार्टरमास्टरला आमच्याकडे बोलावलं, निम्मे तंबू त्याच्या हातात दिले आणि प्रत्येक पिशवीवर टेपची चिठ्ठी लावायला शिकवली: खुंट्या किती, झिप कुठे अडकते. हाताखालच्याचं काम आपण उरकून न टाकणं पंधराव्या वर्षी सोपं नसतं. मला ते चाळिशीत जमलं.

अर्जाचं म्हणाल तर कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, उपक्रमांच्या दहा जागा असतात. पदासाठी 50 अक्षरं, वर्णनासाठी 150. असिस्टंट सीनियर पेट्रोल लीडर हे इंग्रजीत मोकळ्या जागा धरून 30 अक्षरांत बसतं, तेव्हा ते पूर्ण लिहावं, लाजून आखडू नये. ईगल मिळाला की तो सन्मानांच्या वेगळ्या रकान्यात जातो. खरी अडचण त्या 150 अक्षरांची. तिथे "नेतृत्व केले, संघभावना वाढवली" असली भरताड नको. किती तंबू, किती मुलं, काय बिघडलं होतं आणि कसं बसवलं, एवढंच लिहावं. पद सीनियरचं असूनही तिथे लिहायला काही नसलेले अर्ज मी दरवर्षी बघते.

रोबोटिक्स आवडत असेल तर जरूर करू दे, पण हरल्याचा राग म्हणून नको. अकरावीत अभ्यास अंगावर येतो. ईगलसाठी लागणारे 21 मेरिट बॅज (एकेक विषय शिकून मिळवायचे बिल्ले) आणि सेवा प्रकल्प त्याआधी जितके पुढे सरकतील तितकं बरं. हे सगळं अठरावा वाढदिवस यायच्या आत पुरं व्हायला लागतं.

पद नुसतं नावापुरतं असेल, दोन महिन्यांत एकही काम हातात आलं नसेल, तर मात्र त्याचं म्हणणं खरं आहे. मग त्याने सीनियर पेट्रोल लीडरशी बोलून कोणत्या तीन-चार पदांवर आपण लक्ष ठेवायचं ते ठरवून घ्यावं. दोन मतांनी जिंकलेल्या मुलाशी हे बोलणं जड जाणार, पण करावं. त्यातून काहीच निघालं नाही तर इन्स्ट्रक्टरचं पद मागावं, तेही ईगलसाठी चालतं.

स्काउटमास्तरांना मेल त्यानेच लिहावी. मसुदा तुम्ही करून देऊ नका. मुलाच्या मेलमध्ये आणखी एक मोठं माणूस असावं असा स्काउटिंगचा नियमच आहे, तेव्हा तुमचं नाव सीसीत येईल. तिथेच राहू द्या.