आधी एक सबवूफर, दुसरा त्याच मॉडेलचा

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये १२ बाय १८चा हॉल आहे म्हणतोस, तर १५ इंची सबवूफरचा (सब, म्हणजे फक्त खालचे, खोल सूर वाजवणारा स्पीकर) हट्ट सोड. १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो. भिंतीला टेकून बसलास की तो दणदणेल, मधोमध बसलास की जवळपास गायब. हा दोष खोलीचा. महागड्या सबनेही जात नाही. सारखेच दोन छोटे सब त्या दोन भिंतींच्या मध्यावर समोरासमोर ठेवलेस, तर हा चढउतार बराच सपाट होतो.

पण आज एकच घे, सीलबंद पेटीचा. दुसरा सवडीने, पण त्याच मॉडेलचा. मी सीलबंद आणि पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला) एकत्र जोडून फेज, म्हणजे दोघांच्या लहरींचा मेळ, जुळवण्यात दोन वर्षं घालवली, ते तू करू नकोस.

जागा शोधायला सब तू ऐकायला बसतोस त्या सोफ्यावर ठेव, पखवाजाचं रेकॉर्डिंग लाव आणि भिंतींच्या कडेने रांगत फीर. थाप जिथे स्वच्छ, सुटी ऐकू येईल, तिथे सब. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचं काम सबकडे जातं ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू कर.

खाली जाड फोम घाल, कंप स्लॅबमध्ये कमी उतरतो. तरी हवेतून जाणारा बास अडत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्यांना एकदा विचारून ये.